मतपत्रिकेवर जावक क्रमांक

पंख्याच्या वाऱ्यानं एक मतपत्रिका टेबलावरून उडाली आणि माझ्या पायाशी उलटी पडली. मी ती उचलली आणि तशीच हातात धरून भुजंगरावांना विचारलं, "हे काय आहे?"

"कुठं काय, सर?"

"हे. माझ्या सहीच्या खाली."

सहीच्या खाली कॉलेजचा जांभळा गोल शिक्का होता. शिक्क्याशेजारी मोत्यासारख्या अक्षरात 'जा. क्र. ४१२' असं लिहिलेलं होतं. खाली तारीख.

"जावक हाय सर," भुजंगराव म्हणाले. सूर्य पूर्वेला उगवतो हे सांगावं तितक्या शांतपणे म्हणाले.

सकाळचे पावणेअकरा वाजले होते. विद्यापीठाच्या अधिसभेवर शिक्षकांचे प्रतिनिधी निवडायचे होते आणि वडीगोद्रीजवळ हायवेला लागून असलेल्या आमच्या कॉलेजात मतदान चालू होतं. प्राचार्य आजारी रजेवर होते. (निवडणूक आली की त्यांची कंबर धरते.) त्यामुळे मी उपप्राचार्य म्हणून केंद्राध्यक्ष होतो. एकतीस मतदारांपैकी एकोणीस जणांच्या मतपत्रिका पेटीत पडल्या होत्या. त्यातली सगळ्यात पहिली माझी होती. (उडालेली विसाव्या मतदारासाठी काढलेली होती; ती मी रद्द करून बाजूला ठेवली.)

ज्यांचा कॉलेजशी संबंध संपला आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. अधिसभा म्हणजे सिनेट. विद्यापीठाचा कारभार जिथं मंजूर होतो, म्हणजे जिथं सकाळी तावातावानं बोलायचं आणि दुपारी चांगलं जेवायचं, ती सभा. तिच्यावर निवडून जायचं मतदान पसंतीक्रमानं होतं. नावापुढे फुली किंवा बरोबरची खूण करायची नाही. सगळ्यात आवडत्या उमेदवारापुढे १ लिहायचं, त्याच्या खालोखाल आवडत्यापुढे २, असं. एखाद्याला निवडून यायला लागतात त्यापेक्षा जास्त मतं पडली, तर वरची मतं दुसऱ्या पसंतीच्या उमेदवाराकडे सरकतात. आणि मतपत्रिकेवर ती कुणाची हे कळेल अशी एकही खूण असता कामा नये.

इथं तर शिक्का, क्रमांक आणि तारीख, तिन्ही होतं.

"भुजंगराव, मतपत्रिकेला जावक टाकतात का कुणी?"

"कागद हापिसातून बाहेर चाल्ला का न्हाई? मंग? बिनाजावकीचा कागद मी सोडत न्हाई सर. आज सत्तावीस वर्षं झाली."

हे मात्र बिलकुल खरं होतं. भुजंगराव आमचे आवक-जावक लिपिक. आलेल्या कागदाला आवक क्रमांक आणि गेलेल्या कागदाला जावक क्रमांक द्यायचा, रजिस्टरात नोंद करायची, एवढं काम. ते त्यांनी कधी चुकवलं नाही. प्राचार्यांच्या मुलीची लग्नपत्रिका कॉलेजात आली तेव्हा तिलाही आवक क्रमांक पडला होता. 'विषय' या रकान्यात 'शुभविवाह' आणि 'केलेली कार्यवाही' या रकान्यात 'सहकुटुंब जेवलो' अशी नोंद मी स्वतः वाचली आहे. अशा माणसाला मतपत्रिका वाटायच्या टेबलावर बसवणारा मीच होतो. सकाळी कोऱ्या मतपत्रिकांच्या गठ्ठ्यावर सह्या करून त्यांच्याकडे दिला आणि मी निवांत झालो. मतदारांनाही काही वाटलं नाही. कागदावर गोल शिक्का दिसला की प्राध्यापकाला उलट बरंच वाटतं.

"रजिस्टरात नावं लिहिली का?" मी हळूच विचारलं.

"लिहिली ना. एकोणीसच्या एकोणीस. पण सर, त्याच्यात—"

"गप्प! एक शब्द बोलायचा नाही."

"सर, पण मी काय म्हणतो—"

"भुजंगराव, मतदान गुप्त असतं. कुठल्या नंबरची मतपत्रिका कुणाची, हे मला कळता कामा नये. तुम्हाला कळलंय तेवढं पुरे. आणा ते रजिस्टर."

त्यांनी रजिस्टर दिलं. मी ते न उघडता त्याला फीत बांधली आणि गाठीवर लाख ओतली. भुजंगराव माझ्याकडे असे बघत होते जसं काही मी त्यांच्या गाईला दावणीवरून सोडून नेतो आहे.

आता माझी अडचण सांगतो. ती लोकशाहीची नव्हती, शिलाई मशीनची होती.

उमेदवार चार होते. त्यातले एक प्राध्यापक दिगंबर सोळुंके, मंठ्याच्या कॉलेजात इतिहास शिकवतात आणि माझे सख्खे साडू आहेत. दुसरा मिलिंद खरात, जालन्याचा, माझा जुना दोस्त. माझी पीएचडीची व्हायवा विद्यापीठात आठ महिने अडकली होती तेव्हा या माणसानं स्वतःची रजा घालवून तिथं तीन चकरा मारल्या होत्या. मतदानाच्या आधी महिनाभर चौघेही येऊन गेले. आमच्या स्टाफरूमची पद्धत अशी आहे की आलेल्या माणसाला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही. चहा द्यायचा, पोहे द्यायचे आणि "सर, पहिली पसंती तुम्हालाच," असा शब्दही द्यायचा. यात आम्हाला खोटेपणा वाटत नाही, पाहुणचार वाटतो. एकतीस जणांनी चौघांनाही शब्द दिला होता. चारी उमेदवारांच्या डायरीत आमच्या कॉलेजपुढे एकतीस हाच आकडा होता.

मीही दिला होता. दिगंबररावांना तर त्यांच्या घरी, मांडे खाताना, बायकोच्या देखत दिला होता. आणि सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी मिलिंदपुढे १ आणि दिगंबररावांपुढे २ लिहून आलो होतो.

यात काय बिघडलं, असं तुम्ही म्हणाल. बिघडलं असं की माझी बायको सुमन आणि तिची बहीण कुसुम यांच्यात आईच्या शिलाई मशीनवरून तीन वर्षं अबोला होता. काळं, पायानं चालवायचं मशीन. मागच्या दिवाळीत दोघींची गळाभेट झाली आणि ठरलं की एक दिवाळी ते पुढची दिवाळी मशीन एकीकडे राहील, मग दुसरीकडे. पहिलं वर्ष आमचं होतं. सुमननं त्या मशीनवर उशांचे अभ्रे शिवायचा सपाटा लावला होता. घरात उशा चार आणि अभ्रे बावीस झाले होते. साडूला मत दिलं नाही हे कळलं असतं तर तह मोडला असता. मशीन गेलं असतं, आणि तीन वर्षांनी बोलायला लागलेल्या बहिणी पुन्हा गप्प झाल्या असत्या. मागच्या अबोल्यात दोघींचे निरोप इकडून तिकडे मीच पोचवत होतो. ते काम मला पुन्हा नको होतं.

मी विद्यापीठाच्या निवडणूक कक्षाला फोन लावला. तिथले साहेब कमी बोलणारे होते.

"खूण मतदारानं केली का?"

"नाही सर. कार्यालयानं."

"मग मत बाद नाही. उरलेल्या मतपत्रिकांवर टाकू नका."

"आणि रजिस्टर?"

"सील करून मतपेटीबरोबर पाठवा. नंबर ओळीनं टाकलेत का?"

"जावक म्हटल्यावर ओळीनंच असणार ना सर."

"तुम्ही पाहिलं का?"

"गुप्तता राखायची म्हणून पाहिलं नाही."

"योग्य केलं. पाहू नका."

फोन ठेवला तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटला. भुजंगराव समोर उभेच होते. त्यांनी तोंड उघडलं, मी बोट ओठावर ठेवलं. त्यांनी तोंड मिटलं.

पण खोलीत आणखी एक जण होते. आमचे क्रीडा संचालक दिगंबररावांचे मतदान प्रतिनिधी म्हणून बसले होते. मतदान प्रतिनिधी म्हणजे उमेदवाराच्या वतीनं केंद्रावर लक्ष ठेवणारा माणूस. यांचा आवाज असा की शिट्टी न वाजवता मैदानाच्या दुसऱ्या टोकाची पोरं थांबतात. ते "जरा पाणी पिऊन येतो" म्हणून बाहेर गेले आणि लिंबाखाली उभे राहून फोनवर हळू आवाजात जे काही बोलले, ते मला खिडकी बंद असतानाही शब्दन् शब्द ऐकू आलं.

"आपल्या मतपत्रिकांवर नंबर हायेत! कुणी कुणाला टाकलं, सगळं निघतंय आता!"

पाच मिनिटांत कॉलेज हादरलं. तास कुणी घेतच नव्हतं, त्यामुळे तिकडचं नुकसान झालं नाही.

नियमाप्रमाणे उमेदवारांना केंद्रापासून लांब थांबावं लागतं. म्हणून दिगंबरराव आणि मिलिंद हायवेच्या चहाच्या टपरीवर एकाच बाकड्यावर बसले होते. दोघांचं भांडण नव्हतं, आणि सावलीला बाकडंही तेवढं एकच होतं. साडेअकराच्या सुमाराला पहिले रसायनशास्त्राचे सर तिकडे निघाले. पकडलं जाण्याआधी कबूल केलेलं बरं, असा त्यांचा हिशोब. त्यांच्यामागून इंग्रजीच्या मॅडम गेल्या. मग वाणिज्यचे दोघं एकाच मोटारसायकलवर गेले. बारा वाजेपर्यंत अशी वेळ आली की मतदानाला रांग नव्हती आणि टपरीवर होती.

माफ्यांचे प्रकार मला नंतर मिलिंदनं सांगितले. एक म्हणाला, "सर, तुमच्यासाठीच पेन टेकवलं होतं, पण हात सरकला." मॅडम म्हणाल्या, "दुसरी पसंती दिली, पण मनापासून दिली. पहिली नुसती वरवर होती." एकानं सरळ सांगितलं, "गावाकडचे होते, नाइलाज झाला. तुम्ही पण आमच्या गावचे असते तर तुम्हालाच दिली असती." दिगंबरराव डायरी उघडून एकेका नावावर काट मारत होते आणि प्रत्येकाला चहाही पाजत होते. जालन्याच्या मॅडम उमेदवार होत्या, त्या टपरीवर नव्हत्या. त्यांचा फोन तीन तास एंगेज लागत होता.

मिलिंदचं डोकं तिरपं चालतं. त्यानं मला दुपारी फोन केला. "अरे, इथं गंमतच चालू हाय. ज्याची माफी मागितली त्याला मत न्हाई, बराबर? तुझ्या साडूला आत्तापर्यंत चौदा माफ्या आल्या. मला पाचच. हे बघ, मी निवडून येऊन राह्यलो!"

"मला फोन करू नको. मी केंद्राध्यक्ष आहे."

"तू कुणाला टाकलं रे?"

मी फोन ठेवला.

इकडे उरलेले बारा जण निवांत होते, कारण त्यांच्या मतपत्रिका बिनशिक्क्याच्या होत्या. फक्त वनस्पतिशास्त्राचे सर अडून बसले. "एकोणिसांना शिक्का आणि मला का न्हाई? माझं मत बाद करायचा डाव हाय का?" मी अर्धा तास समजावत होतो. भुजंगराव मागून पुटपुटले, "मी तर म्हणतोच, बिनाजावकीचा कागद—"

"भुजंगराव!"

दोन वाजता सुमनचा फोन आला.

"अहो, कुसुमचा फोन आल्ता. तुमच्याकडं मतांवर नंबर टाकले म्हणे?"

"हं."

"मंग तुम्हाला कशाचं टेन्शन? तुम्ही तर दाजींनाच दिलंय ना." मी मतदार यादी चाळायला लागलो. "बोला की." मी घसा साफ केला. तिनं एवढंच विचारलं, "मिलिंदभावजींना?"

पंचवीस वर्षं संसार केलेल्या बाईला नंबर बघावा लागत नाही.

"आता ऐका," ती म्हणाली. "त्यांना दुसऱ्याकडून कळायच्या आत तुम्ही सांगा. मशीन गेलं तर गेलं. माझी बहीण जाऊ देऊ नका." मला फार वाईट वाटलं. अभ्र्यांची इतके दिवस चेष्टा केली त्याचंही वाटलं.

पाच वाजता मतदान संपलं. पेटी सील केली, लाखबंद रजिस्टर तिच्याबरोबर बांधलं, विद्यापीठाच्या गाडीत दिलं. मग टपरीवर गेलो. मिलिंद अंबडच्या केंद्राकडे गेला होता. दिगंबरराव एकटेच होते. समोर चहाचे रिकामे ग्लास पडले होते आणि डायरीचं पान काट मारून काळं झालं होतं.

"या पाहुणे," ते म्हणाले. "चौदा जणांनी सॉरी म्हणलं. चौदा! तुमच्या नावावर तर मी डोळे झाकून टिक केल्ती. म्हणलं, एक तरी घरचा माणूस हाय."

आता हे ऐकल्यावर माणसानं कसं सांगायचं? पण सांगितलं. व्हायवा, तीन चकरा, पहिली पसंती, दुसरी पसंती, सगळं. दिगंबररावांनी माझ्याकडे बघितलं, मग डायरीकडे बघितलं. पेन काढून माझ्या नावावर सावकाश काट मारली. मग चहाचा एक घोट घेतला.

"बराबर हाय," ते म्हणाले. "मित्र मित्र असतो. मी रागावलो न्हाई."

"खरंच?"

"बिलकुल न्हाई. मशीन कुठंय?"

सहा वाजता त्यांची जीप आमच्या दारात उभी होती. मी आणि दिगंबररावांनी मशीन उचललं. लोखंडी पाय इतके जड की मला मताची खरी किंमत तेव्हा कळली. सुमन दारात उभी राहून कुसुमशी फोनवर बोलत होती, "तेल घालत जा गं, वरच्या भोकात, खालच्या न्हाई." बहिणी बोलत होत्या, एवढं तरी वाचलं होतं. दिगंबरराव मशीनला दोरी आवळत होते.

तेवढ्यात भुजंगराव स्कूटीवरून आले. निवडणुकीच्या कामाच्या हजेरी दाखल्यावर त्यांना माझी सही हवी होती. मी सही केली. तोपर्यंत मी थकलो होतो आणि मतदानही संपलं होतं, म्हणून म्हणालो, "हं भुजंगराव, बोला आता. दिवसभर काय सांगत होतात?"

"आता काय उपेग हाय सर?"

"बोला हो."

"मी एवढंच सांगत होतो की नंबर एकच हाय. समद्यांवर ४१२."

दिगंबररावांचा दोरीवरचा हात थांबला.

"म्हणजे?" मी विचारलं.

"अहो सर, विषय एक, कागद एक, फक्त प्रती एकतीस. परिपत्रक काढलं की आपण प्रत्येकाला वेगळा नंबर देतो का? जावक एकच पडतंय. खाली 'प्रति' म्हणून नावं लिहायची. वेगळाले नंबर टाकले असते तर एका दिवसात माझं रजिस्टर भरलं असतं की!"

एकोणीस मतपत्रिका, एकोणिसांवर एकच नंबर. त्यावरून कुणाचं मत कुणाला हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. अख्ख्या कॉलेजनं रांग लावून जे सांगितलं होतं, ते कुणी विचारलंच नव्हतं.

"सकाळीच का नाही सांगितलं?" मी ओरडलो.

"पाच वेळा तोंड उघडलं सर. तुम्ही पाच वेळा बंद केलं."

मी दिगंबररावांकडे वळलो. "पाहुणे, मग हे मशीन..."

"चढलं ते चढलं," ते म्हणाले आणि दोरीला आणखी एक गाठ मारली.

सुमन मात्र पायरी उतरून खाली आली. ती माझ्यापेक्षा व्यवहारी आहे. "दाजी, मशीन न्या. पण येत्या दिवाळीपासून एक वर्ष तुमचं होतंच. हे आधी नेलं म्हणून पुढं वाढवायचं न्हाई. त्याच्या पुढच्या दिवाळीला परत. लिहून द्या." दिगंबरराव हसले, पण लिहून दिलं, डायरीच्या त्याच काळ्या पानामागे. सुमननं तो कागद घेतला आणि भुजंगरावांच्या हातात दिला.

भुजंगरावांनी तो वाचला. घडी नीट केली. "ह्याला आवक टाकतो," ते म्हणाले, आणि दिवसभरात पहिल्यांदा हसले.

मतमोजणी झाली. मिलिंद पहिल्या पसंतीवरच निवडून आला आणि त्याच्या वरच्या मतांमधल्या दुसऱ्या पसंतीच्या जोरावर शेवटच्या फेरीत दिगंबररावही आले. म्हणजे मी २ लिहिला होता तोही कामी आला. त्यांनी पेढे पाठवले. मशीन पाठवलं नाही.

पुढच्या दिवाळीनंतरची दिवाळी आली तेव्हा कुसुमताईंनी फोनवर सांगून पाहिलं की असं काही ठरलंच नव्हतं. सुमननं एवढंच सांगितलं की कागदाला आवक क्रमांक पडलेला आहे. पाडव्याला जीप दारात आली. दिगंबररावांनी स्वतः उचलून मशीन आत आणून ठेवलं.

मी आता रिटायर झालो आहे. इतक्या वर्षांच्या नोकरीतून दोन गोष्टी शिकलो. क्लार्क 'सर, पण' म्हणाला की साहेबानं गप्प बसायचं. दुसरी गोष्ट मला घरात रोज ऐकावी लागते. मी कशालाही 'हो, करतो' म्हणालो की मशीनचा पाय थांबतो आणि आतून सुमन विचारते, "तोंडी सांगताय, का नंबर पडलाय?"